आपल्या दिंडीची धान्यकोठी





शताब्दीची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मंडळींनी कामे वाटून दिली. कुणाकडे विणेकऱ्यांची परंपरा, कुणाकडे मुक्कामांचा इतिहास, कुणाकडे जुने फोटो गोळा करायचे काम. आमच्याकडे कोठी आली. कारण काय, तर कोठीची किल्ली गेली बावीस वर्षे आमच्या करगोट्याला आहे. आमचे शिक्षण चौथी. कीर्तनाला उभे राहिलो तर दोन तास बोलू, पण कागदावर चार ओळी लिहायच्या म्हटले की घाम फुटतो. नातीने ऱ्हस्वदीर्घ बघून दिले. काही ठिकाणी ती म्हणाली, आबा हे असं लिहीत नाहीत. आम्ही म्हटले, असू दे, बोलतात तर असंच ना.

मंडळींनी आणखी एक गोष्ट मागितली होती. कोठीतून धान्य नेणाऱ्या घरांची यादी, नावानिशी, जमल्यास फोटोसकट. म्हणजे देणगीदारांना कळेल की आपला पैसा कुठे जातो. मागणी वाईट हेतूची नाही हे आम्ही जाणतो. पण ती यादी या स्मरणिकेत तुम्हाला सापडणार नाही. का नाही, ते सांगायचे तर मुळापासून सांगावे लागेल.

दिंडी आणि धान्य यांचे नाते आपण काढलेले नाही, ते आधीपासूनचे. आपल्या माणदेशातून मंगळवेढं काही लांब नाही. काळी कसदार जमीन, शाळूचे कोठार म्हणून आजही ओळखतात. त्या मंगळवेढ्यात दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अंमलदार होते. दुष्काळ पडला, माणसे दारात येऊन बसली, आणि पंतांनी सरकारी अंबारे उघडून धान्य वाटले. मग पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बिदरला गेला आणि त्या धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. आम्ही स्वतः ती कीर्तनात किती वेळा लावली असेल त्याचा हिशेब नाही. ऐकणारे विठू महारापाशी रडतात. आम्हाला मात्र वयापरत्वे दुसरीच जागा मोठी वाटायला लागली. पंतांनी कुलूप काढले तेव्हा त्यांना कुठे ठाऊक होते की कुणी पावती घेऊन येणार आहे?

तसेच तुकोबारायांचे. शके १५५१-५२ चा दुष्काळ, म्हणजे इंग्रजी १६२९-३०. घरात दुकान, सावकारी, सगळे असून दिवाळे निघाले. पहिली बायको अन्नावाचून गेली. नंतर महाराजांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. ज्याने घरात भूक बघितली त्याला दुसऱ्याकडून येणे वसूल करवेना. आपल्या कोठीचा कायदा पहिल्या मंडळींनी इथूनच उचलला असावा असे आम्हाला वाटते. लिहून कुणी ठेवले नाही, पण कायदा बघितला की कळते.

आता आपल्या कोठीकडे येतो.

१९२५ साली दिंडी निघाली तेव्हा शिधा बैलगाडीतून जायचा. आळंदीहून पंढरीपर्यंत अडीच-तीन आठवड्यांचा जिन्नस. ज्वारीचे पीठ, डाळ, गूळ, मीठ, तिखट. गोपाळपूरचा काला झाला की मंडळी माघारी फिरायची आणि गाडीत जो शिधा उरला असेल तो गावात आणायची. उरलेला शिधा कुणाचा? देवाच्या नावाने गोळा केलेला, मग तो घरी कसा नेणार? पहिल्या विणेकरी बुवांनी सांगितले की मारुतीच्या देवळाच्या पाठीमागच्या खोलीत ठेवा आणि ज्याची चूल पेटत नाही त्याला द्या. आषाढ-श्रावण म्हणजे आपल्याकडे घरातले दाणे संपलेले आणि शेतातले आलेले नाहीत असे दिवस. गरिबाचा खरा उपास तो. त्याला एकादशी लागत नाही.

ही झाली सुरुवात. पण उरल्यासुरल्या शिध्यावर किती घरे निघणार? तेव्हा सावकाराकडून धान्य उचलायची रीत होती, सवाई आणि दिढी. पेरणीच्या वेळी एक पायली न्यायची, सुगीला सवा पायली घालायची, ती सवाई. दीड घालायची ती दिढी. एक वर्ष पाऊस चुकला की दिढीची दिढी चढायची आणि दोन-तीन वर्षांत जमिनीचा तुकडा सावकाराच्या नावावर. आपल्या मंडळींनी ठरवले की कोठीतून धान्य न्या आणि सुगीला तेवढेच घाला. पायलीला पायली. वर एक चिपटंसुद्धा नाही. आणि नाहीच घालता आले तर कुणी दारात जायचे नाही.

धान्य यायचे कुठून, तर मुठीतून. बाई जात्यावर बसायच्या आधी एक मूठ दाणे वेगळ्या गाडग्यात टाकायची. एकादशीला टाळकरी पोरे घरोघर जाऊन ती गाडगी रिकामी करून आणायची. सुगीत ज्याची ऐपत असेल तो खळ्यावरच पायली-दोन पायली वेगळी काढायचा. आजच्या पोरांना मापे ठाऊक नसतात म्हणून लिहून ठेवतो. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी आणि दोन अडशिऱ्यांची पायली. पुढे किलो आले, पण कोठीत आजही लाकडी मापटे आहे आणि ज्वारी त्यानेच मापतो. कारण हाताने मापले की शेवटी वर एक शीग येते. काट्यावर शीग येत नाही.

जास्तीचे धान्य पेवात असायचे. देवळापुढच्या मुरमाड जागेत खोल पेव होते, आत कडबा आणि तूस लावलेले, तोंडावर दगड आणि वरून चिखल. पेव उघडले की लगेच उतरायचे नसते. आतली हवा कोंडून विषारी झालेली असते. आधी उघडे टाकायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. आमचे आजोबा पेवात उतरायचे. ते आज्जीला सांगून जायचे, कंदील जळतोय गं. आता त्या जागेवर पाण्याची टाकी आहे.

पहिली वही मोडीत आहे. आम्हाला मोडी येत नाही. तालुक्याच्या गावी एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांच्यापुढे बसून दोन दिवस वाचून घेतली. वाचता वाचता ते थांबले आणि म्हणाले, बुवा, यात देणाऱ्यांची नावे आहेत, घेणाऱ्यांची नाहीत. आम्ही म्हटले, असं कसं होईल? त्यांनी पानावर बोट ठेवून दाखवले. जमेच्या बाजूला नाव, पायल्या, तिथी. खर्चाच्या बाजूला नुसते, एक चूल एक पायली. एक चूल दोन शेर. एक चूल, बाळंतीण, गूळ जादा. पानेच्या पाने तशीच. म्हणजे कोण परत घालतो आणि कोण नाही हे त्या लोकांनी मुद्दाम लिहून ठेवले नव्हते. हे आम्हाला कळले ते गेल्या वर्षी. वीस वर्षे आधी कळायला पाहिजे होते.

पण जुने सगळेच सोन्याचे होते असे समजू नका. या कोठीत एक वाईट रीत होती आणि ती शताब्दीच्या पुस्तकात लिहिली नाही तर आम्ही खोटे पडू. महारवाड्यातली, मांगवाड्यातली माणसे कोठीच्या पायरीवर येऊ शकत नसत. ती खाली अंगणात पदर किंवा धोतराचा सोगा पसरून उभी राहायची आणि कोठीवाला वरून माप ओतायचा. दाणे मातीत सांडायचे, मग ती माणसे बसून एकेक वेचायची. चोखोबांचे अभंग म्हणणारी हीच दिंडी, आणि चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले हे कीर्तनात सांगणारे हेच लोक. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि पांडुरंगाचे दार सगळ्यांना उघडले. गावात त्यावरून पुष्कळ बोलाचाली झाल्या, काही माळकऱ्यांनी दिंडीत यायचे थांबवले असेही ऐकले. तेव्हा आमचे आजोबा बैठकीत म्हणाले म्हणतात, देवाच्या पायाला हात लागतोय तर आपल्या मापट्याला का न्हाई? त्यांचे लगेच कुणी ऐकले नाही. दोन सुग्या गेल्या. मग एका बारशीला त्यांनी मापटे उचलले, अंगणात खाली जाऊन उभे राहिले आणि ज्याच्या त्याच्या हातात दिले, तुम्हीच मापून घ्या म्हणून. त्या दिवसापासून कोठीत माप घेणाऱ्याच्या हातात असते. आजही आहे. बाहेरची माणसे येतात, त्यांना नवल वाटते की जास्त नेत नाहीत का? नेतात, एखादा नेतो. शंभरात एक. त्यासाठी नव्याण्णवांच्या हातातले माप काढून घ्यायचे नाही.

गाडगेबाबांचे कीर्तन आमच्या वडिलांनी पंढरीच्या वाळवंटात ऐकलेले. बाबा १९५६ च्या डिसेंबरात गेले. त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या, आंधळ्यापांगळ्यांना पंगतीला बसवले. वडील सांगायचे की बाबा लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे. आमच्या कीर्तनात ती सवय तिथूनच आली आहे. बाबांचे ऐकून आल्यावर वडिलांनी कोठीत पहिल्यांदा जेवणाची भांडी आणून ठेवली. गरिबाच्या घरी लग्न असले की भांडी फुकट.

आता १९७२. हे आम्ही ऐकलेले नाही, बघितलेले आहे.

आम्ही चौथी पास झालो आणि दुष्काळ आला. शाळा तिथेच थांबली. आदल्या सालीही पाऊस धड नव्हता, त्या साली तर मृगापासून कोरडेच. विहिरींना तळ दिसला. बैल विकले, विकत घेणारा नव्हता तर सोडून दिले. सरकारने कामे काढली, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामावर होती असे मोठी माणसे सांगतात. त्यातले एक आम्ही. आई आणि थोरली बहीण खडी फोडायच्या, आम्ही पाणी वाहायचो. कामावर सुकडी मिळायची, पिवळसर, गोड, मूठभर तोंडात टाकली की टाळूला चिकटायची. पोरे तिच्यासाठी रांगेत भांडायची. रेशनला अमेरिकेची लाल मिलो यायची. तिची भाकरी थापताना फाटायची आणि गार झाली की दगड. पण ती होती म्हणून माणसे जगली, तिला नाव ठेवायचे नाही.

आपल्या कोठीचे काय झाले? दिवाळीपर्यंत पेव संपले. वडील कोठीवाले होते. वहीत त्या वर्षी जमेचे पान कोरे आहे आणि खर्चाच्या बाजूला जानेवारीपर्यंत, एक चूल एक शेर, एक चूल एक मापटे, एक चूल एक चिपटे. मापे कशी उतरत गेली बघा. मग पुढे काहीच नाही. एके दिवशी आईने वडिलांना विचारले, आपल्या घरात काय न्हाई, कोठीतलं थोडं आणलं तर? वडील म्हणाले, कोठीत पण काय न्हाई. आईचा विश्वास बसला नाही. ती स्वतः जाऊन बघून आली. खोलीत चार-दोन रिकामी पोती आणि उंदीर. उंदीरसुद्धा वाळलेले, असे ती सांगायची.

१९७३ च्या आषाढीला दिंडी न्यायची की नाही असा प्रश्न आला. वाटेतल्या दोन-तीन गावच्या भाविकांनी शिध्यासाठी थोडी ज्वारी आणि गूळ पाठवला होता. मंडळींनी तो शिधा गावात ठेवला, कोठी उघडली आणि वाटला. दिंडीला बारा माणसे गेली, रिकाम्या हातांनी. वीणा, पखवाज, चार टाळ, तुळस आणि पताका. वाटेत माधुकरी मागून खाल्ले. लोणंदच्या पुढे एक दिवस काही मिळाले नाही, तेव्हा पाणी पिऊन हरिपाठ म्हटला. त्या बारांपैकी एक आज हयात आहेत. त्यांना विचारले, त्या वारीत काय आठवते? ते म्हणाले, टाळ जड लागत हुते.

त्या दुष्काळातून रोजगार हमी आली. वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. संतवाङ्मयाचा नाद असलेला माणूस. त्यांनी ही कल्पना आधी तासगाव तालुक्यात करून बघितली होती. पुढे तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणे हा हक्क झाला. आम्ही कीर्तनात पागेसाहेबांचे नाव घेतो तेव्हा काही जण म्हणतात, बुवा राजकारण नको. यात राजकारण कसले? आमची आई त्या कामावर होती.

रोजगार हमी आली, हायब्रीड ज्वारी आली, रेशनची दुकाने नीट चालायला लागली. मग लोक म्हणायला लागले की आता कोठी कशाला? खरेच घेणारी घरे कमी झाली. मूठ टाकायची रीत मोडली, कारण जाती गेली आणि गिरण्या आल्या. पोत्याने दळण न्यायचे तर मूठ कधी टाकायची? वडील थकले. खोलीत मांडवाचे बांबू आणि लाऊडस्पीकर ठेवायला लागले. अशी वीस-पंचवीस वर्षे कोठी नावालाच होती. या काळाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

२००३ ला पुन्हा दुष्काळ पडला. सोलापूर, सांगली, सातारा, सगळा माणदेश होरपळला. जनावरांना छावण्या निघाल्या. छावणीत जनावराला चारा-पाणी आणि सोबत आलेल्या म्हाताऱ्याच्या पोटात काय ते कुणी विचारत नव्हते. तेव्हा दिंडीच्या बैठकीत ठरले की कोठी उघडायची. किल्ली आमच्याकडे आली. आम्ही त्रेचाळीस वर्षांचे, नुकतेच कीर्तनात नाव व्हायला लागलेले. अंगात हुरूप आणि डोक्यात शिस्त. जुनी वही वाचलेली नाही. आम्ही नवी वही आणली, रेघा मारल्या, नाव, रेशनकार्डाचा नंबर, माणसे किती, सही-अंगठा. आणि नियम केला की पिवळे कार्ड असेल त्यालाच धान्य मिळेल. केशरी कार्डवाल्यांनी येऊ नये. गर्दी आवरायची तर काहीतरी रेघ पाहिजे, असे आमचे म्हणणे. यादी देवळाच्या भिंतीला लावली.

एक बाई आली. नवरा आजारपणात गेलेला, दोन लेकरे. आम्ही कार्ड बघितले, केशरी. नवऱ्याच्या नावावर कधी काळी चार एकर दाखवली होती म्हणून केशरी. ती चार एकर म्हणजे खडक. हे आम्हाला ठाऊक होते. गाव एक, वाट एक. तरी आम्ही म्हटले, ताई, पिवळं आणा. ती काही बोलली नाही. बरं मामा म्हणाली आणि पिशवीची घडी घालून गेली.

पंधरा-वीस दिवसांनी शाळेचे गुरुजी आमच्याकडे आले. शाळेत दुपारची खिचडी शिजायची. म्हणाले, बुवा, एक पोरगा रोज खिचडी घेतो आणि खात नाही, डबा दप्तरात घालून घरी नेतो. विचारलं तर म्हणतो, आई आणि बारकी खाती. गुरुजींनी नाव सांगितले. नाव ऐकून आम्हाला पुढचे ऐकू आले नाही. त्या रात्री शेजारच्या गावी आमचे कीर्तन होते आणि निरूपण दामाजीपंतांचे. आम्ही उभे राहिलो, पण अंबाराच्या कुलपापाशी आलो आणि बोलता येईना. लोकांना वाटले बुवांना गहिवर आला. टाळकऱ्यांनी भजन उचलून धरले म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोते घेऊन तिच्या दारात गेलो. तिने बसायला घोंगडे टाकले, पाणी दिले. पोत्याकडे बघितले नाही. म्हणाली, यादीत नाव न्हाई ना मामा, मग कशाला? आम्ही पुष्कळ सांगितले, चुकलो म्हटले. तिने पोते घेतले नाही. दुसऱ्या गावी भावाकडे लेकरे ठेवली आणि स्वतः टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. आज तिचा पोरगा पुण्याकडे कंपनीत नोकरीला आहे. दर आषाढीला दिंडीसाठी तेलाचा डबा आणून देतो, पाया पडतो. आम्ही पावती फाडतो. त्या बाईने मात्र कोठीच्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही.

भिंतीवरची यादी आम्ही त्याच आठवड्यात काढली. पण वहीतली नावे तशीच चालू राहिली, कारण हिशेब कसा ठेवायचा तेच दुसरे सुचेना. पहिली वही वाचून घेतल्यावर सुचले.

आजची पद्धत सांगतो, म्हणजे दुसऱ्या दिंड्यांना करायचे झाले तर उपयोगी पडेल. वाटप महिन्यातून दोनदा, बारशीला. एकादशीचा उपास बारशीला सुटतो, म्हणून मुहूर्त तो धरला. वेळ दिवे लागायची. दिवसाउजेडी पिशवी घेऊन कुणाला गावातून जायला लावायचे नाही. दारात फोटो काढायचा नाही. एकदा एका पुढाऱ्याने जिन्नस दिला आणि सोबत फोटोवाला पाठवला, तेव्हा आम्ही जिन्नसाची गाडी माघारी लावली. त्यावरून मंडळींत भांडण झाले, ते अजून धुमसते आहे. पण कोठीत शिरताच डाव्या हाताला जुने गाडगे आहे आणि घ्यायला येणारासुद्धा घरून एक मूठ काहीतरी आणून त्यात टाकतो. डाळीची, दाण्याची, मिठाची का असेना. ही युक्ती आमची नव्हे, एका म्हातारीची. ती म्हणाली होती, मोकळ्या हातानं यायला लाज वाटती. तेव्हापासून सगळेच टाकतात.

लोक विचारतात, सरकार आता फुकट धान्य देते, मग तुमच्याकडे कोण येते? प्रश्न बरोबर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो आणि अंत्योदयाच्या घराला पस्तीस किलो धान्य मिळते. हे फार मोठे काम झाले, आमच्या लहानपणी असे काही असते तर आई खडीवर गेली नसती. पण धान्य म्हणजे बहुतेक गहू आणि तांदूळ. डाळ, तेल, तिखट कुठून येणार? आणि दुसरे, रेशन दुकानात अंगठ्याचे यंत्र आले. जन्मभर खुरपे आणि कोयता धरलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेघा राहिलेल्या नसतात. यंत्र म्हणते तुम्ही तुम्ही नाही. मग फेऱ्या. कुणाचे नाव माहेरच्या कार्डात अडकलेले, कुणाचे सासरहून कमी केलेले. आणि तिसरे, दिवाळी झाली की तरणी माणसे ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या सुमाराला येतात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. त्यांना गिरणीपर्यंतही जाववत नाही, म्हणून त्यांना आम्ही दाणे न देता पीठ देतो. टाळकरी पोरे पोचवतात.

२०२० ला कोरोना आला. माऊलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. वारी चुकली म्हणून आम्ही त्या एकादशीला, १ जुलैला, घरात दार लावून बसलो होतो. पण त्याआधी एप्रिलपासूनच पुण्या-मुंबईची माणसे गावाकडे येऊन शाळेत थांबवलेली. ज्यांच्या घरून आम्ही दरवर्षी वर्गणी आणायचो तीच माणसे. दिंडीसाठी जमवलेला सगळा शिधा, तेल, साखर, चहा, डाळ, त्या तीन महिन्यांत गेला. त्यातल्या एकाने आम्हाला विचारले, बुवा, हे वारीचं हाय ना? आम्ही म्हटले, वारीचंच हाय, खा.

आता शताब्दीनिमित्त गावच्या वेशीत दिंडीच्या नावाची कमान बांधायची असे बहुतेकांचे मत आहे. कमानीला आमचा विरोध नाही. कोठीची खोली गळते आणि आधी पत्रा बदलावा एवढेच आम्ही बैठकीत बोललो. पुढच्या एकादशीला पुन्हा बैठक आहे.

यादीच्या जागी मागल्या बारशीचे पान जसेच्या तसे उतरवून देतो. फोटोच्या जागी हेच छापावे.

चुली ४१. पैकी मोठी घरे ११, त्यांना ज्वारी दुप्पट. ज्वारी एकूण पायल्या ५२. तूरडाळ ४१ किलो. तेलाच्या पिशव्या ४१. एक चूल, बाळंतीण, गूळ जादा. सहा चुलींना पीठ पोचवले. गाडग्यात आलेली मूठ, सगळी मिळून, दोन शेर एक चिपटे. शिल्लक ज्वारी पायल्या ९, तीत सोंडे दिसले, उन्हात घालून लिंबाचा पाला टाकणे.